सणाच्या जेवणाची तोंडीलावणी आणि गोड: आदल्या दिवशी काय उरकायचं, ऐनवेळी काय ठेवायचं

मेजवानीच्या दिवशी स्वयंपाकघरात खरी कोंडी होते ती शेवटच्या तासाभरात. मुख्य पदार्थ ओव्हन अडवून बसलेला असतो, दोन शेगड्यांवर काहीतरी रटरटत असतं, फ्रीजमध्ये बोट शिरायला जागा नसते, आणि तीन तोंडीलावणी अजून व्हायची असतात. पाहुणे बाहेर गप्पा मारताहेत आणि ज्यांनी त्यांना बोलावलं ते मात्र आत घामाघूम. मला हे चित्र बघवत नाही. ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला, त्यांच्यासोबत बसायला मिळालंच पाहिजे.

त्यासाठी तोंडीलावणी निवडायची पद्धत थोडी उलटी करावी लागते. आधी चव आणि मग सोय, असं न करता प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारा: हा शिजताना कुठली जागा अडवणार, आणि शिजून झाल्यावर किती वेळ तसाच चांगला राहणार? काही पदार्थ मुरल्यावर सुधारतात, काही तासभर दम धरतात, आणि काही कढईतून उतरल्यावर दहा मिनिटांत मान टाकतात. शेवटच्या प्रकारातला फक्त एकच पदार्थ ठेवा. बाकी सगळे पहिल्या दोन प्रकारांतले.

खाली दिलेली मापं आठ माणसांची आहेत. तीन तोंडीलावणी आणि दोन गोड पदार्थ पुरेसे होतात; खाली त्याहून जास्त दिले आहेत, त्यांतून निवडा. तोंडीलावण्यांत एक मऊ, एक भाजलेलं किंवा खमंग आणि एक आंबट-कुरकुरीत असावं. जड, तुपकट जेवणात आंबट-कुरकुरीत पदार्थ नसला तर चौथ्या घासाला जीभ कंटाळते. आणखी एक हिशेब लक्षात ठेवा: पदार्थांची संख्या वाढली की प्रत्येक पदार्थ कमी लागतो. एकच तोंडीलावणं असेल तर माणशी २५० ग्रॅम कच्ची भाजी लागते, पण तीन असतील तर प्रत्येकाची १५० ते २०० ग्रॅम भरपूर होते. हे न पाहता प्रत्येक पदार्थ आठ जणांना पोटभर होईल एवढा केला, तर अर्धं उरतं.

मऊ पदार्थ: घोटलेला बटाटा

बटाटा, लोणी, दूध, मीठ. चारच वस्तू, आणि तरी बिघडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. बिघाड एकाच प्रकारचा असतो: बटाटा डिंकासारखा चिकट होतो, चमच्याला तार सुटते. कारण समजलं की तो टाळता येतो. बटाट्याच्या पेशींमध्ये पिष्टाचे कण असतात. शिजताना ते पाणी पिऊन फुगतात. पेशी शाबूत राहिल्या तर बटाटा मोकळा आणि मऊ लागतो. मिक्सरच्या पात्याने किंवा फार जोरात घोटल्याने पेशी फुटतात, आतलं फुगलेलं पिष्ट बाहेर येतं आणि त्याची खळ होते. ती खळ नंतर कशानेच सुटत नाही. म्हणून मिक्सरला हात लावायचा नाही. हाताचा मॅशर चालेल, आणि घरात पुरणयंत्र असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

बटाटा जुना आणि पिठाळ घ्या. नव्या बटाट्यात पाणी जास्त आणि पिष्ट कमी असतं, तो घोटायला चांगला नाही.

दीड किलो बटाटे सोलून ४ सेंटिमीटरच्या सारख्या फोडी करा. पातेल्यात फोडी बुडतील एवढं थंड पाणी घाला. दर लिटरला १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट छोटे चमचे मीठ टाका आणि मग गॅस लावा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर शिजून सुटायला लागतो आणि मध्ये कच्चं राहतं. थंड पाण्यापासून सुरुवात केली की फोड आतबाहेर सारखी शिजते. उकळी आल्यावर आच मध्यम करा. १५ ते २० मिनिटांत सुरी अडखळल्याशिवाय आरपार गेली पाहिजे. कुकरमध्येही होतील, पण तिथे एखादी शिट्टी जास्त झाली तर फोडी पाण्याने जडावतात, म्हणून मी पातेलंच वापरते.

पाणी गाळून फोडी त्याच गरम पातेल्यात परत टाका आणि मंद आचेवर दोन मिनिटं हलकेच हलवा. वाफ निघून जाईल, फोडींच्या कडा पांढऱ्या आणि कोरड्या दिसतील. ही दोन मिनिटं वगळू नका. जेवढं पाणी इथे उडेल तेवढं लोणी-दूध आत मुरेल.

आता गरम असतानाच दाबून घ्या. आधी १२० ग्रॅम लोणी घालून एकजीव करा, मग २५० ते ३०० मिलिलिटर गरम दूध थोडं थोडं. थंड दूध घातलं तर बटाटा लगेच आळतो. मीठ चाखा, मिरी घाला, आवडत असेल तर किसलेलं जायफळ अगदी चिमूटभर.

हे भांडं झाकून मंद उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलं तर दोन तास गरम आणि मऊ राहतं. वाढण्याआधी दोन डाव गरम दूध घालून एकदा हलवा. आदल्या दिवशी करायचं असेल तर दूध थोडं सढळ घाला, कारण गार झाल्यावर पिष्ट घट्ट होतं. लोणी लावलेल्या पसरट भांड्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी झाकून १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं गरम करा. ओव्हन मोकळा नसेल तर मायक्रोवेव्हमध्ये, दर दोन मिनिटांनी हलवत.

खमंग पदार्थ: भाजलेल्या भाज्या, आणि ओव्हनची मधली फट

मुख्य पदार्थ भाजून बाहेर काढला की लगेच कापायचा नसतो. अख्खी कोंबडी किंवा मोठा मांसाचा तुकडा २० ते ३० मिनिटं विसावला तर रस आत राहतो. थर लावून भाजलेला भाज्यांचा किंवा पास्त्याचा पदार्थही १५ मिनिटं थांबला तरच नीट कापला जातो. म्हणजे जेवणाच्या आधी नेमका अर्धा तास ओव्हन तापलेला आणि रिकामा असतो. ही फट भाज्यांची. हे एकदा लक्षात आलं की दुसरा ओव्हन असावा असं वाटणं बंद होतं.

दीड किलो भाज्या घ्या: गाजर, लाल भोपळा, फ्लॉवर, कांदा. बीट घेणार असाल तर वेगळ्या कोपऱ्यात, नाहीतर सगळं गुलाबी होतं. २ ते ३ सेंटिमीटरच्या फोडी करा. धुतलेल्या भाज्या फडक्यावर कोरड्या करा, ३ मोठे चमचे तेल आणि दीड छोटा चमचा मीठ चोळा. लसणाच्या पाकळ्या टाकायच्या तर सालासकट. ठेचलेला लसूण या आचेत जळून कडवट होतो.

ओव्हन २२० अंशांवर आणि ट्रे आतच तापत ठेवा. भाज्या एका थरात, फोडींमध्ये फट राखून पसरा. ट्रे गच्च भरला की त्यांच्यातून निघणारी वाफ तिथेच कोंडते आणि भाज्या भाजण्याऐवजी उकडल्या जातात. पाणी आहे तोवर पृष्ठभागाचं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि ज्या प्रक्रियेने खरपूस रंग आणि वास येतो तिला साधारण १४० अंश लागतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. स्वयंपाकघरात त्याचा अर्थ सरळ आहे: दीड किलोला दोन ट्रे लागतात.

फ्लॉवर आणि भोपळा २५ ते ३० मिनिटांत होतात, गाजराला ३०-३५ लागतात. अर्ध्या वेळात एकदा उलटा. मात्र मधली फट अर्ध्या तासाची असते आणि ओव्हन २२० पर्यंत चढायलाही वेळ जातो. म्हणून भाज्या सकाळीच २० मिनिटं भाजून ट्रेवर तशाच गार करा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा. वाढायच्या आधी तासभर बाहेर काढा, आणि फटीत फक्त १२ ते १५ मिनिटं चांगला रंग येईपर्यंत भाजा. बाहेर काढल्यावर लिंबू पिळा आणि भाजलेले तीळ भुरभुरा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई किंवा लोखंडी तवा. थोड्या तेलावर एका वेळी एक थर, पहिली पाच मिनिटं झाकण, नंतर झाकण काढून हात न लावता खालची बाजू लाल होऊ द्या, मग उलटा. तीन घाण्यांत होतील. सारखं हलवत बसलं तर रंग येत नाही.

ऐनवेळचा एकच पदार्थ: फरसबी

शेवटच्या क्षणी करायचा पदार्थ एकच, असं म्हटलं तो हा. आणि याचंही तीन चतुर्थांश काम आदल्या दिवशी होतं.

पाऊण किलो फरसबीच्या शिरा काढा, शेंगा अख्ख्या ठेवा. मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाणी आणि ३० ग्रॅम मीठ खळखळून उकळा. शेंगा टाकून झाकण न ठेवता चार मिनिटं शिजवा. झाकण न ठेवण्याला कारण आहे. शेंगेतली आम्लं वाफेबरोबर निघून जाऊ द्यायची असतात. ती पाण्यात राहिली तर हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि हिरवा रंग मळकट होतो. याच कारणाने लिंबू अगदी ताटात वाढताना पिळायचं. चार मिनिटांनी शेंगा बर्फाच्या पाण्यात टाका, गार झाल्या की निथळून फडक्यावर पूर्ण कोरड्या करा आणि डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा.

वाढायच्या पाच मिनिटं आधी पसरट कढईत ४० ग्रॅम लोणी वितळवा, त्यात ४० ग्रॅम बदामाचे काप लालसर करा, तीन पाकळ्या लसणाचे काप टाका, वास सुटला की शेंगा. मोठ्या आचेवर तीन मिनिटं परता, की झालं. पाहुण्यांपैकी कोणाला सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधी विचारून घ्या, आणि असेल तर त्यांच्या शेंगा बदामाच्या आधी, स्वच्छ भांड्यात परता.

आंबट-कुरकुरीत: कोबी आणि सफरचंद

कोबीच्या सॅलडला पाणी सुटतं, ही सगळ्यांची तक्रार. उपाय असा की ते पाणी आपणच आधी काढून टाकायचं. ६०० ग्रॅम कोबी अगदी बारीक, लांब चिरा. ९ ग्रॅम, म्हणजे दीड सपाट छोटा चमचा मीठ चोळून चाळणीत ४० मिनिटं ठेवा. मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं. मुठीत धरून घट्ट पिळा. कोबी लवचीक होतो, पण दाताखाली कुरकुरीतच राहतो, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तसाच टिकतो.

दोन आंबटसर सफरचंदं सालासकट काडीसारखी चिरून लगेच २ मोठे चमचे लिंबाच्या रसात घोळवा. चिरलेलं सफरचंद काळं पडतं ते त्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे), आणि आम्ल त्या विकराला आवरतं. १५० ग्रॅम घट्ट दही, १ छोटा चमचा मोहरीची पेस्ट, १ छोटा चमचा मध आणि मिरी फेटून दोन्हींत मिसळा. वेगळं मीठ घालण्याआधी चाखून पाहा, बहुतेक लागत नाही. अक्रोड घालायचे तर वाढताना, नाहीतर मऊ पडतात.

याच जागी बीटही चालतं: तीन मध्यम बिटं उकडून गार करा, किसा, ३०० ग्रॅम चक्क्यात लसूण आणि मीठ घालून फेटा, आणि वाढताना दोन्ही अर्धवटच मिसळा, म्हणजे पांढऱ्यात गडद गुलाबी रेघा दिसतात.

गोड पदार्थ

गोडाचा नियम आणखी कडक: मुख्य जेवण झाल्यावर कोणीही गॅसपाशी उभं राहायचं नाही. म्हणून दोन्ही गोड पदार्थ आदल्या दिवशी झालेले असावेत, किंवा एक झालेला आणि दुसरा लोक जेवत असताना आपोआप भाजणारा. एक दाट आणि एक फळांचा, अशी जोडी चांगली जमते.

कॅरॅमल कस्टर्डला मी पहिला मान देते, कारण त्याला रात्रभर फ्रीजमध्ये राहावंच लागतं. त्या वेळात तळाचं कॅरॅमल कस्टर्डमधला ओलावा शोषून पातळ होतं आणि उपडं केल्यावर सॉससारखं ओघळतं. त्याच दिवशी केलं तर ते वाटीच्या बुडाला काचेसारखं चिकटून राहतं.

१५० ग्रॅम साखर आणि ३ मोठे चमचे पाणी जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळेपर्यंत हलवा, मग चमचा बाजूला ठेवा. उकळत्या पाकात चमचा फिरवला की कडेला खडे धरतात आणि सगळा पाक साखरतो. दोन थेंब लिंबाचा रस टाकला तर ही भीती बरीच कमी होते. रंग मधासारखा होताच भांडं हाताने गोल फिरवा, आणि गडद तांबूस झाला की क्षणभरही न थांबता १५० मिलिलिटरच्या आठ वाट्यांत ओता. फिका राहिला तर नुसता गोड लागतो, काळा पडला तर कडू. या वेळी मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. हा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम असतो आणि कातडीला चिकटतो. थेंब उडालाच तर ती जागा २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा.

७५० मिलिलिटर दूध १२० ग्रॅम साखर घालून कोमट करा. सहा अंडी वेगळ्या भांड्यात फेस न आणता हलक्या हाताने फेटा, दूध हळूहळू ओता, २ छोटे चमचे व्हॅनिला घाला, गाळून घ्या आणि २० मिनिटं तसंच ठेवा. वर आलेला फेस चमच्याने काढा. कस्टर्डमध्ये दिसणारी भोकं या फेसाची किंवा जास्त आचेची असतात.

ट्रेच्या तळाशी फडकं घाला, वाट्या ठेवा, मिश्रण भरा, वाट्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी ओता आणि १५० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं ठेवा. पाण्याचं काम आच आवरण्याचं. हे मिश्रण साधारण ८० अंशांच्या आसपास धरतं आणि त्याच्या थोडंच वर गेलं की अंडं आकसून पाणी सोडतं. ओळखायची खूण: कडा घट्ट, मधला रुपयाएवढा भाग हलवल्यावर थरथरणारा. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला, कारण बाहेर काढल्यावरही ते थोडा वेळ शिजत राहतं. ओव्हनऐवजी मोदकपात्रात किंवा कुकरमध्ये शिट्टी काढून, वाट्यांवर फॉइल घट्ट लावून, अगदी मंद वाफेवरही होतं. तिथे २० मिनिटांनी पहिल्यांदा तपासा. गार करून किमान आठ तास फ्रीजमध्ये.

अंडं न खाणाऱ्यांसाठी याच्याच जागी दुधाची थंड जेली करता येते. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं, म्हणून आगर-आगर वापरा. बाजारात ते चायना ग्रास म्हणूनही मिळतं आणि ते समुद्री शेवाळापासून करतात. ५०० मिलिलिटर दूध, २०० मिलिलिटर क्रीम, ८० ग्रॅम साखर आणि दीड सपाट छोटा चमचा आगर पावडर थंड असतानाच एकत्र फेटा, मग सतत हलवत उकळी आणा आणि पूर्ण दोन मिनिटं उकळू द्या. आगर नुसत्या गरम दुधात विरघळत नाही, त्याला उकळीच लागते. पावडरची ताकद कंपनीगणिक बदलते, म्हणून एक चमचा मिश्रण थंड बशीवर टाकून दोन मिनिटांनी बोट लावा. थरथरतं पण ओघळत नाही, असं झालं पाहिजे. फार घट्ट वाटलं तर थोडं दूध घालून पुन्हा उकळा. आगर ३५ ते ४० अंशांना धरतं, पण पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास लागतात, त्यामुळे गरम खोलीतही वाट्या टेबलावर निश्चिंत राहतात. जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस, पपई किंवा किवी घातली तर ती धरतच नाही, कारण या फळांतली विकरं प्रथिनं तोडतात. आगर हे प्रथिन नसल्याने त्याला तो त्रास नाही. दुधावर मात्र ताज्या अननसाचा परिणाम होतो, चव कडवट होते. अननस हवाच असेल तर साखर घालून पाच मिनिटं शिजवून, गार करून वरून घाला.

चॉकलेटच्या छोट्या वाट्या हा माझ्या माहितीतला सर्वात कमी कष्टाचा पदार्थ. २०० ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरा. ३०० मिलिलिटर क्रीम, २ मोठे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओता. दोन मिनिटं हात लावू नका. मग मधून बाहेर गोल हलवत एकजीव करा, २० ग्रॅम लोणी घाला आणि लहान कपांत भरा. चार तास फ्रीजमध्ये, वाढायच्या अर्धा तास आधी बाहेर. तेल सुटल्यासारखं दिसलं तर एकेक चमचा कोमट दूध घालून हलवा, परत जुळतं. पण चॉकलेट नुसतं वितळवताना त्यात पाण्याचा एखादा थेंब पडला तर ते रेतीसारखं आळतं. अशा वेळी टाकून देऊ नका, एकेक चमचा गरम पाणी घालत राहिलात तर सॉस होतो आणि तोही चांगलाच लागतो.

फळांचं क्रम्बल ओव्हन असणाऱ्यांसाठी. २०० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम थंड लोणी, १०० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम ओट्स आणि चिमूट मीठ बोटांच्या टोकांनी चोळून ओबडधोबड चुरा करा. तळव्याची ऊब लागली तर लोणी वितळून पीठ मळल्यासारखं होतं. हा चुरा डब्यात भरून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतो आणि तसाच गोठलेला वापरता येतो. सव्वा किलो सफरचंदांच्या फोडी, ६० ग्रॅम साखर, लिंबाचा रस, दालचिनी आणि १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर पसरट भांड्यात मिसळा, वर चुरा पसरा, दाबू नका. १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, कडेने रस बुडबुडेपर्यंत. तुम्ही जेवायला बसताना आत ठेवलं तर जेवण संपता संपता घरभर वास सुटतो.

आणि घरात मुलं असतील तर ट्रायफल: काचेच्या भांड्यात केकचे तुकडे, फळांचा रस, फळं, कस्टर्ड, वर फेटलेलं क्रीम. कस्टर्ड पावडर अंड्याशिवायच असते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं. अर्धा लिटर दुधाला ३ मोठे चमचे घ्या म्हणजे थर नीट बसतात. कस्टर्ड कोमट झाल्यावरच ओता. केळी काळी पडतात, ती घालायचीच तर अगदी शेवटी, वरून.

टिकवणं आणि गरम करणं

आदल्या दिवशी करण्यात सगळी सोय आहे, पण त्याची एक अट आहे: शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहू देऊ नका, आणि खोली फार गरम असेल तर एक तासच. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. मोठं पातेलं गार होईपर्यंत थांबण्यात वेळ जातो, म्हणून अन्न पसरट, उथळ भांड्यांत काढा, लवकर गार होतं. भात करणार असाल तर आणखी सांभाळा. त्यातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत आणि एकदा विष तयार झालं की पुन्हा गरम करून ते जात नाही. भात तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे. गरम करताना मध्यापर्यंत वाफाळतं गरम करा, आणि एकदाच. मेजवानीच्या आठवड्यात फ्रीज आधी रिकामा करून घ्या. सरबतं आणि पाण्याच्या बाटल्या बर्फाच्या बादलीत बाहेर ठेवल्या तरी चालतात, कस्टर्डला मात्र फ्रीजच लागतो.

वेळेचा आराखडा

समजा जेवण रात्री ८ वाजता आहे. जेवणाच्या वेळेपासून मागे मोजत कागदावर लिहा आणि तो कागद फ्रीजवर लावा. डोक्यात ठेवलेला आराखडा पहिला पाहुणा आला की विसरतो.

दोन दिवस आधी किराणा आणि क्रम्बलचा चुरा. आदल्या दिवशी सकाळी कस्टर्ड किंवा जेली, चॉकलेटच्या वाट्या. संध्याकाळी फरसबी उकळून गार करणं, कोबी मिठात पिळून डब्यात भरणं. सफरचंद अजून चिरायचं नाही. भाज्यांच्या फोडी करून झाकून ठेवा.

सणाच्या दिवशी सकाळी ओव्हन मोकळा असतानाच भाज्या २० मिनिटं भाजून घ्या. वाढायची भांडी काढून प्रत्येकात एक चिठ्ठी टाका, कुठल्या भांड्यात काय ते. मदतीला आलेल्या माणसाला मग प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारावी लागत नाही. दुपारी ४ वाजता कोबी-सफरचंदाचं सॅलड पूर्ण करा. साडेपाचला बटाटे चढवा, साडेसहापर्यंत ते घोटून पाण्याच्या पातेल्यावर विसावलेले असावेत.

७ वाजता भाज्या फ्रीजबाहेर. मुख्य पदार्थ सव्वासातला ओव्हनमधून बाहेर आला पाहिजे, म्हणून तो त्या हिशेबाने आधी आत घाला. लगेच तापमान २२० करा. साडेसातला भाज्या आत, पावणेआठला बाहेर. ओव्हन १८० वर आणा आणि त्याचं दार दोन मिनिटं उघडं ठेवा. ७:५० ला फरसबी परता. ८ ला सगळं टेबलावर, आणि बसण्यापूर्वी क्रम्बल आत ढकलून ४० मिनिटांचा गजर लावा.

चॉकलेटच्या वाट्या मुख्य जेवण अर्ध्यावर आलं की बाहेर काढा. कस्टर्ड मात्र अगदी वाढायच्या क्षणी: कडेने पातळ सुरी एकदा फिरवा, वाटीचं बूड १० सेकंद गरम पाण्यात धरा, वर बशी ठेवून एका झटक्यात उपडं करा, आणि वाटी उचलण्याआधी कॅरॅमल खाली उतरल्याचा हलकासा आवाज येईपर्यंत थांबा.